पंधरा गुण आले कुठून?

दोन खेळाडू आहेत. एकाचं रेटिंग, म्हणजे कौशल्याचा आकडा, १५००, दुसऱ्याचं १७००. पहिला जिंकला तर त्याला पंधरा गुण मिळतात. दुसरा जिंकला तर त्याच्या पदरात जेमतेम पाच पडतात. हा पक्षपात वाटेल, पण ऑनलाइन गेममध्ये तुमच्यासमोर कोण येणार हे ठरवणाऱ्या गणिताचा गाभा इथेच आहे.

हे गणित बुद्धिबळातून आलं. अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू होते. त्यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. एलोंच्या दृष्टीने रेटिंग हे भाकीत होतं. रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत साधारण ७६ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवायला हवेत. फरक ४०० असेल तर ९१. प्रत्यक्ष निकालातून ही अपेक्षा वजा करायची आणि उरेल त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचं. तो आकडा २० धरला, तर १५०० वाल्याच्या विजयाचा हिशोब असा: विजयाचा १ गुण वजा त्याच्याकडून अपेक्षित ०.२४ म्हणजे ०.७६, त्याची वीसपट १५.२. भाकीत जितकं फसेल, तितकी दुरुस्ती मोठी.

पण वर्षभर पटाकडे न फिरकलेल्याचे १५०० आणि रोज खेळणाऱ्याचे १५०० सारखेच कसे मानायचे? संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी ‘ग्लिको’ पद्धतीत रेटिंगला अनिश्चिततेचा आकडा जोडला. मला ही सुधारणा सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे गणित स्वतःचं अज्ञानही मोजतं. ‘लीचेस’ या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नवख्याच्या १५०० पुढे प्रश्नचिन्ह दिसतं ते यामुळेच. सुरुवातीला रेटिंग मोठ्या उड्या मारतं, खेळत गेलं की स्थिरावतं आणि खेळणं थांबवलं की अनिश्चितता पुन्हा वाढू लागते.

सांघिक गेममध्ये पेच वेगळा असतो: संघ जिंकला, पण श्रेय कुणाचं? मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी केलेली ‘ट्रूस्किल’ पद्धत खेळाडूंच्या कौशल्याची बेरीज म्हणजे संघाची ताकद असं मानते. एका सामन्यातून फारसं कळत नाही, पण साथीदार बदलत राहिले की प्रत्येकाचा वाटा हळूहळू वेगळा दिसू लागतो. ‘ट्रूस्किल’मध्ये नवख्याचं अंदाजित कौशल्य २५ असतं, तरी त्यातून अनिश्चिततेची तिप्पट वजा होऊन सुरुवात शून्यावरून होते.

‘सिस्टिम मुद्दाम हरवते’ ही तक्रार खेळाडूंमध्ये नेहमी ऐकू येते. पण तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळू लागले की निम्मे सामने हरणं ओघानेच आलं. खरी तडजोड होते ती प्रतीक्षेत. अपरात्री मोजकेच खेळाडू ऑनलाइन असतात. अशा वेळी सर्व्हर आधी अगदी जवळच्या रेटिंगचा खेळाडू शोधतो आणि कुणी सापडेना की मर्यादा सैल करत जातो. रेटिंग फार वरचं असेल, तर दिवसाढवळ्याही असंच ताटकळावं लागतं, कारण त्या उंचीवर मुळात माणसंच कमी असतात.