ऑप्टिकल स्लेव्ह की रेडिओ ट्रिगर?

फ्लॅशच्या खोक्यावर ‘वायरलेस’ छापलेलं असतं आणि बरेच जण तेवढ्यावर भरवसा ठेवून पैसे मोजतात. प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. ऑप्टिकल स्लेव्ह डोळ्याने चालतो: दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की हाही पेटतो. रेडिओ ट्रिगर कानाने चालतो: कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे वरच्या फ्लॅशच्या खाचेत, बसवलेला ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो आणि लांबच्या फ्लॅशमधला रिसीव्हर तो पकडतो.

घरात स्लेव्ह उत्तम चालतो. ठाण्यातल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये दागिन्यांचे किंवा फराळाच्या ताटाचे फोटो काढायचे असतील, तर पांढऱ्या भिंतींवरून उसळलेला प्रकाश कोपऱ्यातल्या फ्लॅशलाही सहज दिसतो. ट्रिगरचा खर्च वाचतो. मात्र एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. लांबचा फ्लॅश डोळ्यांदेखत पेटतो, पण फोटोत त्याचा उजेड नसतो! कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे उजेड आपोआप ठरवणाऱ्या मोडवर, असला की तो आधी प्रकाश मोजायला एक छोटा प्रीफ्लॅश मारतो. एस१ मोडवरचा स्लेव्ह त्यालाच खरा समजून पेटतो, आणि शटर उघडतं तेव्हा त्याचं काम उरकलेलं असतं. दोन्ही झगमगाट इतके लागोपाठ होतात की आपल्याला एकच वाटतो. अशा वेळी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर घ्या, नाहीतर स्लेव्ह एस२ वर टाका. एस२ प्रीफ्लॅशकडे दुर्लक्ष करतो. रेड-आय रिडक्शनही बंदच ठेवा, त्यातही आधी चमका पडतात.

स्लेव्हचा डोळा बहुतेक फ्लॅशवर पुढच्या बाजूला, लाल काचेमागे असतो. म्हणून फ्लॅशचं अंग कॅमेऱ्याकडे आणि फक्त डोकं वळवून विषयाकडे ठेवायचं.

लग्नाच्या हॉलमध्ये मात्र स्लेव्हवर विसंबू नका, असं मी ठामपणे सांगेन. शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता उडतात, तेव्हा मुलाकडचा आणि मुलीकडचा असे दोन्ही फोटोग्राफर एकदमच शटर दाबतात. तुमचा स्लेव्ह त्या दुसऱ्याच्या फ्लॅशलाही पेटतो आणि तुमची वेळ येते तेव्हा चार्ज होत बसलेला असतो. तो क्षण पुन्हा मिळत नाही.

उघड्यावरही तेच. उपवन तलावाकाठी प्रीवेडिंग करताना उन्हात स्लेव्हला दुसऱ्या फ्लॅशची चमक नीट दिसत नाही, आणि जोडप्यामागे लपवला तर अजिबातच नाही. रेडिओला ऊन किंवा आडोसा फारसा नडत नाही. त्यात उन्हात एफ/२.८ ठेवून मागचं धूसर हवं असेल, तर शटर १/२००० वगैरेपर्यंत न्यावं लागतं. बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० च्या आसपास संपतो. त्यापुढे फोटोत काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक देणारा रेडिओ ट्रिगर १/८००० पर्यंत जातो. साध्या स्लेव्हला ते जमत नाही.

रेडिओ घेताना तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेलाच ट्रिगर मागा. गोडॉक्स कंपनीच्या एक्सप्रो ट्रिगरमध्ये सी म्हणजे कॅनन, एन म्हणजे निकॉन, एस म्हणजे सोनी. फ्लॅशमध्ये रिसीव्हर आतच आहे का, तेही विचारा. गोडॉक्सच्या टीटी६०० फ्लॅशमध्ये तो असतो, पण कॅमेऱ्यापासून लांब हा फ्लॅश मॅन्युअलवरच चालतो. लांबूनही टीटीएल हवं असेल तर टीटी६८५ कडे बघा. हॉलमध्ये दुसऱ्याकडेही हीच सिस्टीम असेल तर चॅनल आणि आयडी दोन्ही बदलून घ्या. आणि फ्लॅश अगदी हाताशी असूनही पेटत नसेल, तर ट्रिगरमधलं अंतराचं सेटिंग ०–३० मीटरवर आणा.

जुना, रेडिओ नसलेला पण स्लेव्ह असलेला फ्लॅश घरात असेल तर तो विकू नका. मुख्य फ्लॅश रेडिओने, मॅन्युअलवर पेटवा आणि जुना एस१ वर टाकून मागच्या पडद्यासाठी किंवा केसांच्या कडेवरच्या उजेडासाठी ठेवा. बंद खोलीत दुसरं कुणी फ्लॅश मारत नसेल, तर एकाच ट्रिगरवर दोन्ही चालतात. शटर तेवढं सिंकच्या आत ठेवा.