शेवटी जन्मलेला पहिला वर्ग: श्वान-आज्ञापालन शिक्षणाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या एखाद्या खेड्यात घरफोडी झाली की जिल्ह्याच्या ठिकाणाहून श्वान पथक येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व तेथे ते घुटमळले, हे ठरलेले वाक्य हमखास छापून येते. जमलेल्या गावकऱ्यांना मागापेक्षाही नवल वाटते ते हस्तकाच्या, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्या पोलिसाच्या, एका शब्दावर बसणाऱ्या आणि दुसऱ्या शब्दावर जमिनीला पोट टेकवणाऱ्या त्या कुत्र्याचे. ज्याच्या दारात मोत्या किंवा शेरू आहे, त्याच्यापाशी कुत्र्याशी बोलण्याचे शब्द मोजकेच असतात: बोलावायचे तर ‘यू यू’, अंगावर सोडायचे तर ‘छू’ आणि घालवायचे तर ‘हाड’. ‘थांब’ या अर्थाचा शब्द त्यांत नाही.

आज शहरांत चालणाऱ्या प्रशिक्षण वर्गांची चढण सरळ दिसते. आधी पिल्लांचा वर्ग, मग मूलभूत आज्ञा, मग पट्ट्याशिवाय चालणे, आणि शेवटी स्पर्धा. इतिहासात मात्र ही चढण उलट्या क्रमाने घडली. कामाचा आणि परीक्षेचा कुत्रा आधी तयार झाला. पिल्लाचा विचार सर्वांत शेवटी आला.

आरंभ जर्मनीत शोधावा लागतो. मॅक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड जातीची संघटना उभी केली, तेव्हा ही जात मेंढ्या राखणारी होती. कुरणे आटत चालली तसे या कुत्र्याला पोलिसांत काम शोधण्यात आले, आणि माग, आज्ञापालन व संरक्षण अशा तीन अंगांची परीक्षा त्यातून आकाराला आली. पोलीस खात्यातले कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये श्वान-प्रशिक्षणाची पद्धत ग्रंथरूपात मांडली. कुत्र्याला माणसाचे बोलणे समजत नाही, कृतीच्या पाठोपाठ लगेच मिळणारे सुख किंवा दुःख तेवढे समजते, हे त्यांचे म्हणणे वर्तनाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या सिद्धांताच्या कितीतरी आधीचे होते. मात्र त्यांच्या पद्धतीत दुःखाचा वाटा मोठा होता, हेही नाकारता येत नाही. पहिल्या महायुद्धात सैन्याला कुत्रे पुरवणाऱ्या याच परंपरेतून १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली.

घरगुती कुत्र्याला या विद्येत आणले ते पूडल या कुरळ्या केसांच्या जातीचे कुत्रे पाळणाऱ्या एका बाईंनी. अमेरिकेतल्या हेलन व्हाइटहाउस वॉकर यांचे पूडल म्हणजे नुसते नटवे, नाजूक कुत्रे, अशी लोकांची समजूत होती, आणि ती खोटी ठरवण्यासाठी त्यांनी इंग्लंडमधल्या कामाच्या कुत्र्यांच्या चाचण्यांच्या धर्तीवर १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को येथे पहिली आज्ञापालन चाचणी भरवली. उतरले ते जेमतेम आठ कुत्रे. १९३६ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने या चाचण्यांचे नियम स्वीकारले, आणि पुढच्याच वर्षी वॉकर आणि त्यांच्या सहकारी ब्लांश सॉन्डर्स गाडीमागे राहण्याची फिरती खोली जोडून, सोबत पूडल घेऊन देशभर प्रात्यक्षिके करत हिंडल्या. या विद्येचा प्रसार ग्रंथांपेक्षा अशा मैदानी खेळांनी अधिक झाला, असे मला वाटते.

स्पर्धेची घडण तेव्हापासून फारशी बदललेली नाही. नवशिक्या, खुली आणि उपयुक्तता अशा तीन पायऱ्या असून एकूण गुण २०० असतात. उत्तीर्ण होण्यासाठी किमान १७० गुण लागतात, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक गुण मिळावे लागतात, त्यामुळे एकाच करामतीवर निभावून नेता येत नाही. आणि असे यश तीनदा मिळाल्यावरच पदवी दिली जाते. पहिल्या पायरीवर मालकाच्या डाव्या पायाशी चालणे, हाकेला येणे, बसून राहणे, आणि अनोळखी परीक्षक अंगावरून हात फिरवीत असता न हलता उभे राहणे अशा गोष्टी असतात. वरच्या पायऱ्यांवर अडथळ्यावरून उडी मारून वस्तू आणणे, शब्दाविना केवळ हाताच्या खुणेवर वागणे आणि अनेक सारख्या वस्तूंतून मालकाच्या हाताचा वास असलेली नेमकी निवडणे हे येते. अखेरचा प्रकार पोलिसी कामाची आठवण करून देतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर वर्ग फोफावले. लष्करी अनुभव गाठीशी असलेले विल्यम कोहलर यांची १९६० च्या दशकात गाजलेली पद्धत गळ्याला आवळणाऱ्या साखळीच्या झटक्यावर उभी होती. असा झटका कोवळ्या मानेला सोसत नाही, म्हणून कुत्रा साधारण सहा महिन्यांचा झाल्याखेरीज त्याला वर्गात घेत नसत. बहुधा यामुळेच पिल्लू इतकी वर्षे शाळेबाहेर राहिले.

ते आत आले दोन वाटांनी. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९६५ मध्ये दाखवून दिले की तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्या माणसांना, प्राण्यांना आणि आवाजांना सरावते, त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. दुसरीकडे स्किनर यांचे विद्यार्थी असलेल्या ब्रेलँड दांपत्याने १९४० च्या दशकातच आवाजाची खूण आणि खाऊ यांवर प्राणी शिकवले होते. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी ती रीत १९८० च्या दशकात श्वानपालकांपर्यंत पोहोचवली. झटक्याची गरज संपल्यावर वयाची अटही उरली नाही. पशुवैद्य इयान डनबार यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात पट्टा सोडून खेळत शिकण्याचा पिल्लांचा वर्ग काढला. लसीकरण पुरे होण्याआधी पिल्लू बाहेर न्यावे की नाही, हा वाद त्यानंतरही चालला. पहिली लस दिल्यावर आठवडाभराने, सातव्या-आठव्या आठवड्यापासून वर्ग सुरू करावा, असे अमेरिकेतल्या प्राणीवर्तन-पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये सांगितले.

भारतात हा प्रवास गणवेशापाशीच बराच काळ थांबला. मेरठ येथे सैन्याच्या आणि ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या श्वान-प्रशिक्षण संस्था आहेत, आणि पोलिसांच्या अखिल भारतीय कर्तव्य मेळाव्यात श्वानांच्या स्पर्धाही होतात. खासगी वर्ग मात्र महानगरांत वाढले. पशुवैद्यकाची सोय विदर्भाला नवी नाही, नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चे आहे. पण वावरातल्या कुत्र्याला आज्ञा शिकवावी, ही गरज गावाला कधी भासली नाही.

तरीही त्याचे शिक्षण होत असतेच. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून तूर-हरभरा राखायला जागलीवर जाणारा माणूस कुत्रा सोबत नेतो, आणि कोणत्या आवाजावर भुंकायचे हे पिल्लू मोठ्या कुत्र्याच्या मागे धुऱ्यावर फिरून शिकते. महिना-दीड महिन्याचे पिल्लू आणून गोठ्यात ठेवले जाते, म्हणजे स्कॉट आणि फुलर यांनी मोजलेले नेमके तेच आठवडे ते बकऱ्या, वासरे आणि कोंबड्या यांच्यात काढते, आणि म्हणून मोठेपणी त्यांच्या मागे सहसा धावत नाही. त्या आठवड्यांत त्याला परका माणूस तेवढा भेटत नाही. पुढे गावात रेबीजच्या लसीचे शिबिर लागते, तेव्हा रात्रभर एकट्याने वावर राखणारा तोच कुत्रा डॉक्टरांचा हात लागताच उसळतो, आणि दोघांनी धरून, तोंडाला दोरी बांधून त्याला सुई द्यावी लागते.