श्वासनलिकेतला शेजारधर्म

फ्लूच्या विषाणूची आपल्या शरीराशी पहिली गाठ पडते ती शेंबडाशी. चारचौघांत हा शब्द उच्चारायला आपण कचरतो, पण त्याचं काम मोठं आहे. विषाणू पेशीला चिकटतो तो तिच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्ल नावाच्या साखरेला धरून. नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या या चिकट द्रवातही तीच साखर भरपूर असते. विषाणू तिलाच पेशी समजून बिलगतो आणि अडकतो. खालच्या पेशींवर, प्रत्येकीवर दोनशेच्या आसपास, सिलिया म्हणजे केसांसारखे बारीक तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका लयीत हलतात आणि हा सगळा गाळ घशाकडे ढकलत राहतात. तिथून तो आपल्या नकळत गिळला जातो आणि जठरातल्या आम्लात पडतो.

विषाणूकडे यावर उतारा आहे. न्यूरामिनिडेज नावाचं त्याचं प्रथिन कात्रीसारखं ती साखर कापतं आणि वाट मोकळी करतं. पुण्यात २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत घरोघरी ज्याचं नाव झालं ते टॅमिफ्लू हीच कात्री निकामी करतं.

काही विषाणू तरीही पेशीपर्यंत पोचतात. पेशी त्यांना पातळ पडद्याच्या पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतलं आम्ल वाढत जातं तसं विषाणूचं एक प्रथिन आकार बदलतं, त्याचं आवरण पिशवीच्या पडद्याशी एकजीव होतं आणि आठ तुकड्यांत विभागलेला त्याचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती, पेशीत उतरतो. या वळणावरही एक पहारेकरी आहे. आयएफआयटीएम-३ नावाचं प्रथिन त्या पडद्यातच बसून हे एकजीव होणं अवघड करतं.

तोही चुकला, तर पेशीला घुसखोरी कळते कशी? आरएनए तर तिच्या स्वतःकडेही ढिगानं असतो. फरक टोकाला असतो. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर टोपी असते, विषाणूच्या मूळ आरएनएचं टोक उघडं असतं. रिग-आय नावाचं प्रथिन नेमकं हे उघडं टोक ओळखतं. मग निरोप जातो मायटोकॉन्ड्रियाकडे. शाळेत आपण ज्यांना पेशीचं वीजघर म्हणून शिकलो, त्यांच्या पृष्ठभागावर धोक्याची घंटाही असते, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं होतं. तिथून निरोप केंद्रकात पोचतो आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं, इतर पेशींना सावध करणारं प्रथिन बनवून बाहेर सोडू लागते.

इथे क्षणभर थांबायला हवं. ज्या पेशीत विषाणूचं काम सुरू झालं आहे, तिला स्वतःला या इंटरफेरॉनचा फारसा उपयोग उरलेला नसतो. ते प्रामुख्यानं शेजारच्या, अजून निरोगी असलेल्या पेशींच्या कामी येतं. त्या सावध होतात, शेकडो जनुकं जागी करतात आणि विषाणू येण्याआधीच दारं-खिडक्या बंद करून घेतात. लागण झालेल्या अनेक पेशी तर पुढे स्वतःला मोडीत काढतात, म्हणजे विषाणूचा कारखानाच बंद पडतो.

ही गोष्ट उलगडली ती फ्लूच्याच विषाणूमुळे. लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले ज्याँ लिंडेनमान काम करत होते. उष्णता देऊन मारलेला फ्लूचा विषाणू त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांबरोबर ठेवला. नंतर भोवतीचा द्रव काढून ताज्या तुकड्यांवर घातला, तर त्या तुकड्यांत जिवंत विषाणू वाढेना. द्रवात विषाणूला अडवणारं काहीतरी उतरलं होतं. १९५७ मध्ये त्यांनी त्याला इंटरफेरॉन हे नाव दिलं. तोक्योमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी वेगळ्या विषाणूवर काम करताना असाच अटकाव १९५४ मध्ये नोंदवला होता. त्यांचं नाव या कथेत क्वचितच घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं.

पाचच वर्षांनी लिंडेनमान यांना आणखी एक कोडं सापडलं. ए-२-जी नावाच्या वाणाचे उंदीर फ्लूच्या ज्या मात्रेनं इतर उंदीर मरत, त्या मात्रेनंही मरत नव्हते. इतर उंदरांशी संकर केला तरी पिल्लं तशीच चिवट. म्हणजे हे एकाच प्रभावी जनुकाचं काम होतं. त्याला एमएक्स हे नाव मिळालं. पुढे १९८० च्या सुमारास ओट्टो हालर आणि सहकाऱ्यांनी या उंदरांना इंटरफेरॉन निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं टोचली आणि उंदरांचा चिवटपणा नाहीसा झाला. इंटरफेरॉनची हाक आली तरच एमएक्स जागं होत होतं. एकाच माणसाच्या हाती पाच वर्षांच्या अंतरानं लागलेली दोन टोकं अशी एकमेकांना जुळली! प्रयोगशाळेतल्या बहुतेक उंदरांमध्ये हे जनुक मोडकंच असतं, हेही पुढे कळलं. माणसात त्याचा भाऊबंद आहे, एमएक्स-ए. तो विषाणूच्या आरएनएभोवतीच्या प्रथिनाला धरून त्याचं काम रोखतो. पक्ष्यांमधून आलेल्या फ्लूला तो चांगला अडवतो. माणसांत रुळलेल्या फ्लूनं मात्र त्याच्यापासून निसटण्याइतके बदल स्वतःत करून घेतले आहेत.

विषाणू घंटेचीही वायर कापतो. त्याचं एनएस-१ हे प्रथिन रिग-आयचा निरोप पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे पहिले काही तास शर्यतीचे असतात: आधी शेजारी सावध होतात, की आधी नवे विषाणू बाहेर पडतात?

या शर्यतीत सगळेच सारखे उतरत नाहीत. २००९ मध्ये पुण्यात धास्तावलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न होता, की एकाला नुसती सर्दी होते आणि त्याच्याच वयाचा दुसरा धडधाकट माणूस व्हेंटिलेटरवर कसा जातो. आधीची प्रतिकारशक्ती, वय, इतर आजार ही कारणं आहेतच. पण २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्लूनं जिवावर बेतलेल्या एका लहान मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला आयआरएफ-७ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष मिळाल्या होत्या आणि तिच्या पेशींना पुरेसं इंटरफेरॉन बनवताच येत नव्हतं.

या संरक्षणाची किंमत आपण अंगावर काढतो. फ्लूत ताप येतो, हाडं ठणकतात, अंथरुणातून उठवत नाही. विषाणू श्वसनमार्गाबाहेर सहसा जात नाही, मग पाय का दुखतात? हिपॅटायटिस-सी वर उपचार म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात, तेव्हा त्या रुग्णांना फ्लू झालेला नसतानाही नेमका असाच त्रास होई. म्हणजे हा त्रास बराचसा इंटरफेरॉनचाच असतो. श्वसनमार्गाकडे त्याचा एक सौम्य प्रकारही आहे, २००३ मध्ये सापडलेलं इंटरफेरॉन-लॅम्डा. त्याची हाक प्रामुख्यानं अस्तराच्या पेशींनाच ऐकू जाते, त्यामुळे सगळ्या शरीरात गोंधळ न होता गल्लीतच बंदोबस्त होतो.

ताप उतरल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तो याच लढाईमुळे. सिलिया असलेल्या कितीतरी पेशी गळून गेलेल्या असतात, आणि तळातल्या मूळ पेशींपासून नव्या तयार होऊन त्यांच्यावर पुन्हा सिलिया उगवायला वेळ लागतो. तोवर वर ढकलण्याचं काम बंद असतं आणि कफ काढायला खोकल्याशिवाय दुसरा उपाय नसतो. बॅक्टेरियाही नेमके याच दिवसांत फुप्फुसात शिरतात. १९१८ च्या साथीतले बहुसंख्य मृत्यू अशा मागाहून आलेल्या न्यूमोनियानं झाले होते. उतरलेला ताप चार-पाच दिवसांनी पुन्हा चढला, धाप लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.