सशस्त्र ड्रोन : युद्धनीतीचा पेच

क्षेपणास्त्रे घेऊन उडणारे आणि दुरून चालवले जाणारे विनावैमानिक विमान म्हणजे सशस्त्र ड्रोन. अफगाणिस्तानावर घिरट्या घालणारी कित्येक अमेरिकी ड्रोन नेवाडातील क्रीच हवाई तळावरून चालवली जात. पाळी संपली की चालक मोटारीने घरी जात. अंतरामुळे मारणे हा खेळ होतो, हा त्यावरचा गाजलेला आक्षेप, पण तो लंगडा आहे. तोफ डागणाऱ्याला समोरचा माणूस दिसतही नाही; ड्रोनचालक त्याला तासन्‌तास न्याहाळतो, स्फोटानंतरचेही पाहतो. पेच आहे तो दिसलेल्याचा अर्थ लावण्यात.

जिनिव्हा करारांच्या १९७७ मधील पहिल्या पुरवणी करारानुसार, माणूस न लढणारा सामान्य नागरिक आहे की नाही याची शंका असेल तर त्याला नागरिकच धरायचे. अमेरिकेने हा करार स्वीकारलेला नाही. पाकिस्तानच्या वझिरिस्तानात तर नाव माहीत नसतानाही निव्वळ हालचालींवरून माणसे टिपली गेली. १७ मार्च २०११ रोजी दत्ता खेल येथे चाळीसच्या आसपास माणसे मेली. क्रोमाइटच्या खाणीचा तंटा सोडवायला जिरगा, म्हणजे पठाणांची पंचसभा, बसला होता, असे पाकिस्तानचे म्हणणे. मेलेले सगळे दहशतवादी होते, असे अमेरिकी अधिकाऱ्यांचे. पठाणी मुलखात बंदूक बाळगणे रिवाजाचे. वरून पाहणाऱ्याला पंच आणि टोळी यांतला फरक कळणार कसा?

ब्रॅडली स्ट्रॉसर या तत्त्वज्ञाने २०१० मध्ये उलट बाजू मांडली : युद्ध न्याय्य असेल आणि कामगिरीत उणे पडणार नसेल, तर आपला सैनिक विनाकारण धोक्यात घालणेच अनैतिक. मुद्दा वजनदार आहे. मात्र सैनिक सुरक्षित असला की युद्धाला युद्ध म्हणण्याचीही गरज उरत नाही. २०११ मध्ये लिबियातील कारवाईला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती लागत नाही, असे ओबामा सरकारने सांगितले. आपल्या सैनिकांना असलेला धोका मर्यादित आहे, हे त्यामागचे एक कारण होते.

काबूल विमानतळावरील आत्मघाती हल्ल्यानंतर तीन दिवसांनी, २९ ऑगस्ट २०२१ रोजी, अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर सुमारे आठ तास पाळत ठेवली. गाडीत चढवलेले डबे स्फोटकांचे वाटले. ते पाण्याचे होते. गाडी घराच्या अंगणात शिरल्यावर क्षेपणास्त्र सुटले. दहा जण गेले, त्यांत सात मुले. चालक अमेरिकेतल्याच एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता. सुरुवातीला कारवाई योग्य ठरवली गेली, १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली आणि डिसेंबरमध्ये संरक्षण खात्याने जाहीर केले, की कोणालाही शिक्षा होणार नाही.