जाळीपाशी उभा असलेला खेळाडू : केव्हिन संजयाच्या वेगामागचे विज्ञान

बॅडमिंटनच्या दुहेरीचा सामना पाहताना बहुतेकांची नजर मागच्या खेळाडूवर खिळलेली असते. तो उंच उडी घेतो, सारे शरीर धनुष्यासारखे ताणतो आणि स्मॅश मारतो. पडद्यावर ताशी साडेतीनशे-चारशे किलोमीटरचा आकडा झळकतो आणि प्रेक्षागृहात आवाज होतो. जाळीपासून दोन-अडीच मीटरवर किंचित वाकून, रॅकेट छातीच्याही वर धरून उभा असलेला त्याचा जोडीदार मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. इंडोनेशियाच्या केव्हिन संजया सुकामुल्यो या खेळाडूने ही पुढची जागा जगाला नव्याने पाहायला लावली. त्याच्या हाताच्या चपळाईचे वर्णन करताना समालोचकांना शब्द अपुरे पडत. ती चपळाई नेमकी कशाची होती, याचे उत्तर स्नायूंपेक्षा भौतिकशास्त्रात आणि मेंदूच्या अभ्यासात अधिक सापडते, असे मला वाटते.

केव्हिनचा जन्म २ ऑगस्ट १९९५ रोजी जावा बेटाच्या पूर्व टोकावरच्या बान्युवांगी या गावी झाला. बॅडमिंटनला इंडोनेशियात ‘बुलु तांगकिस’ म्हणतात. त्यातल्या ‘बुलु’चा अर्थ पीस आणि ‘तांगकिस’चा अर्थ अडवणे किंवा परतवणे. खेळाच्या नावातच परतवण्याची क्रिया असलेल्या या देशात दुहेरीची परंपरा मोठी आहे. १९७०च्या दशकात त्जुन त्जुन आणि जोहान वाह्युदी यांची जोडी गाजली. पुढे १९९६ साली अटलांटात रेक्सी मैनाकी आणि रिकी सुबागजा यांनी, २००० साली सिडनीत चंद्रा विजया आणि टोनी गुनावान यांनी, तर २००८ साली बीजिंगमध्ये मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावान यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. मध्य जावातील कुदुस हे शहर लवंगमिश्रित सिगारेटींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका कारखान्यात दिवसा कामगार सिगारेटी वळत आणि संध्याकाळी त्याच जागेत बॅडमिंटन खेळत. त्यातूनच पीबी जारुम हा क्लब उभा राहिला. या क्लबच्या निवड चाचणीत केव्हिन २००६ साली नापास झाला. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला आणि निवडला गेला. तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता.

२०१५ साली त्याची जोडी मार्कस फर्नाल्डी गिडिओन याच्याशी जमली. मार्कस त्याच्याहून चार वर्षांनी मोठा होता. हेरी इमान पिएर्नगाडी या प्रशिक्षकाच्या हाताखाली दोघे जकार्ताच्या चिपायुंग येथील राष्ट्रीय केंद्रात तयार झाले. २०१६ साली त्यांनी दिल्लीत इंडिया ओपन जिंकली आणि पुढची दोन वर्षेही ती आपल्याकडेच ठेवली. मार्च २०१७ मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकून ते जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले, तेव्हा केव्हिन एकवीस वर्षांचा होता. त्या वर्षी त्यांनी सुपर सीरिज या जागतिक स्पर्धामालिकेची सात विजेतेपदे मिळवली. २०१८ साली, तिच्या जागी आलेल्या वर्ल्ड टूरची आठ विजेतेपदे आणि जकार्तातील आशियाई स्पर्धेचे सुवर्ण त्यांच्या नावावर जमा झाले. केव्हिनची उंची सुमारे १७० सेंटीमीटर, मार्कसची १६८. या ठेंगण्या जोडीला चाहते प्रेमाने, कार्टूनपटातल्या ठेंगण्या पिवळ्या पात्रांवरून, ‘मिनियन्स’ म्हणू लागले.

हे सारे कसे शक्य झाले, ते समजण्यासाठी आधी शटल समजून घ्यावे लागते. शटलमध्ये बदकाची किंवा हंसाची सोळा पिसे बुचात रोवलेली असतात, आणि त्याचे एकूण वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. इतक्या हलक्या वस्तूने एवढी हवा अडवावी, असे दुसऱ्या कोणत्याही खेळाच्या साधनात होत नाही. उंचावरून सोडलेले शटल काही क्षणांतच सेकंदाला साधारण ६.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २४ किलोमीटर, या वेगाला पोहोचते. मग ते आणखी वेग घेत नाही, कारण तेथे हवेचा रोध आणि शटलचे वजन यांची बरोबरी होते. या अंतिम वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाने भागले की सुमारे ४.६ मीटर ही लांबी मिळते. शटलच्या उड्डाणाचे सगळे गणित या एका लांबीत सामावलेले आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे शटल कितीही जोराने मारले तरी दर ४.६ मीटर अंतराला त्याचा वेग सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. सोप्या हिशेबात सांगायचे तर दर सव्वातीन मीटरला वेग जवळजवळ निम्मा होतो.

आता दोन फटक्यांची तुलना करून पाहू. पहिला फटका म्हणजे मागून मारलेला ताशी ४०० किलोमीटरचा स्मॅश. हा वेग रॅकेटवरून सुटतानाचा असतो. मारणारा आणि परतवणारा यांच्यात ९.२ मीटर अंतर धरले, तर शटल पोहोचेपर्यंत त्याचा वेग ताशी ५४ किलोमीटरच्या आसपास उतरलेला असतो, आणि प्रवासाला लागलेला वेळ असतो सुमारे ०.२६ सेकंद. दुसरा फटका म्हणजे मधल्या कोर्टावरून जाळीच्या वरच्या कडेला घासून जाणारा सपाट ड्राइव्ह. त्याचा सुटतानाचा वेग ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे स्मॅशच्या जवळजवळ एक चतुर्थांश. परंतु दोन खेळाडूंमधले अंतर येथे ४.६ मीटर असते, आणि या प्रवासालाही वेळ लागतो सुमारे ०.२६ सेकंद. दोघे आणखी पुढे सरकले आणि अंतर तीन मीटरांवर आले, तर हाच साधा ड्राइव्ह ०.१४ सेकंदात समोर येतो. जगातला सर्वांत जोरदार स्मॅशदेखील प्रतिस्पर्ध्याला यापेक्षा अधिक वेळ देतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याची दिशा स्पष्ट आहे. दुहेरीत प्रतिस्पर्ध्याचा वेळ खाऊन टाकायचा असेल, तर जोर वाढवण्यापेक्षा अंतर कमी करणे अधिक उपयोगी ठरते. केव्हिनचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा होता. रॅली सपाट करायची, शटल जाळीच्या उंचीवर असतानाच अडवायचे आणि प्रत्येक फटक्यासरशी अर्धे पाऊल पुढे जायचे.

ही युक्ती दुधारी आहे, कारण अंतर कमी झाले की स्वतःचाही वेळ कमी होतो. माणसाच्या डोळ्यांसमोर दिवा लागला आणि त्याने बटण दाबले, एवढ्या साध्या क्रियेलाही साधारण ०.२ सेकंद लागतात. पर्याय वाढले की हा काळ वाढतो. विल्यम हिक या ब्रिटिश संशोधकाने १९५२ साली दाखवून दिले, की पर्यायांची संख्या दुप्पट झाली की प्रतिक्रियाकाळात दर वेळी साधारण एकसारखी भर पडत जाते. जाळीपाशी उभ्या असलेल्या खेळाडूपुढे फोरहँड की बॅकहँड, मारायचे की हळुवार टाकायचे, दोघांमधल्या फटीत की अंगावर, असे कितीतरी पर्याय असतात. शटल दिसल्यावर विचार सुरू केला, तर ०.१४ सेकंदात काहीही होणार नाही. म्हणून ‘अफाट रिफ्लेक्स’ हे केव्हिनच्या खेळाचे वर्णन मला अपुरे वाटते. तेवढा वेगवान रिफ्लेक्स कोणत्याही माणसाकडे नसतो. त्याचा हात शटल निघायच्या आधीच वाटेला लागलेला असे.

हे कसे घडते, याचा एक उत्तम अभ्यास बॅडमिंटनवरच झालेला आहे. ब्रूस ॲबरनेथी आणि डेव्हिड रसेल या संशोधकांनी १९८७ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या फटक्यांची चित्रफीत दाखवली आणि ती वेगवेगळ्या क्षणी, कधी शटलला रॅकेट लागण्यापूर्वीच, बंद केली. शटल कोठे पडेल, ते खेळाडूंनी सांगायचे होते. काही फितींत मारणाऱ्याचा हात, काहींत रॅकेट, तर काहींत चेहरा झाकलेला होता. नवखे खेळाडू केवळ रॅकेट पाहून अंदाज बांधत, तर निष्णात खेळाडू रॅकेटबरोबरच ती धरणाऱ्या हातातूनही माहिती घेत. हात रॅकेटच्या आधी हलतो, त्यामुळे हात वाचता येणाऱ्याला बातमी लवकर मिळते. शटल मारले जाण्यापूर्वीचे हे काही शतांश सेकंद म्हणजेच प्रेक्षकांना दिसणारी चपळाई. ती जन्मजात असण्यापेक्षा हजारो रॅलींच्या सरावातून मेंदूत साठत गेलेली असते. एका बाजूने प्रशिक्षक एकामागून एक शटल फेकत राहतो आणि समोरचा खेळाडू घामाघूम होऊन ती परतवत राहतो. त्या कंटाळवाण्या सरावात खरे तर डोळ्यांचे शिक्षण चाललेले असते.

दुसऱ्याचा हात वाचणाऱ्याला स्वतःचा हात लपवायचाही असतो. केव्हिन शटलकडे झेपावून ऐन वेळी रॅकेट क्षणभर थांबवत असे. मोठा फटका येणार म्हणून समोरच्याचे वजन एका पायावर गेले, की त्या पायाच्या उलट दिशेला तो शटल अलगद टाकत असे. एकदा सुरू झालेली हालचाल मेंदूला लगेच मागे घेता येत नाही. ती थांबवून नवी सुरू करायला पुन्हा पूर्ण प्रतिक्रियाकाळ मोजावा लागतो, आणि तेवढा वेळ जाळीपाशी कोणाकडेच नसतो.

आता हाताविषयी. आपल्याकडच्या क्लबांत मुलांना ‘मनगट वापर’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात झटपट फटक्यातले बरेचसे काम कोपराखालचा हात स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्याने होते. त्यात मोठा झोका घ्यावा लागत नाही. मूठ सैल ठेवून ऐन टक्करीच्या क्षणी बोटे आवळली, की वीसेक सेंटीमीटरच्या हालचालीतही रॅकेटच्या डोक्याला पुरेसा वेग मिळतो. रॅकेट तिच्या मुठीच्या वरच्या भागात धरली तर तिचे वजन हाताजवळ येते आणि ती फिरवणे हलके होते. जोर थोडा कमी होतो, पण जाळीपाशी जोराची गरज कोणाला असते? रॅकेट वर आणि शरीरापुढे धरण्याचे कारणही हेच आहे. खाली असलेली रॅकेट जाळीच्या उंचीपर्यंत आणण्यात जो वेळ जातो, तो या खेळाडूला परवडत नाही.

उंचीचा प्रश्न येथे मोठा रंजक होतो. १२ मार्च २०१७ रोजी बर्मिंगहॅम येथे ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात समोर चीनचे ली जुनहुई आणि लिऊ युचेन होते. एकाची उंची १९५ सेंटीमीटर, तर दुसऱ्याची १९३. उंच खेळाडूचा स्मॅश अधिक वरून आणि अधिक तिरका येतो, हा उघड फायदा आहे. परंतु सारख्या घडणीचे दोन देह कल्पिले, तर स्नायूंचे बल लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि हातापायांना गोल फिरवण्यातले जडत्व लांबीच्या पाचव्या घाताने वाढते. त्यामुळे तेवढाच कोन फिरायला लांब हाताला अधिक वेळ लागतो. १७० आणि १९५ या उंचींसाठी हा फरक तत्त्वतः पंधरा टक्क्यांच्या आसपास येतो. खरी माणसे एकमेकांच्या मोजून केलेल्या प्रतिकृती नसतात, म्हणून हा आकडा शब्दशः घेऊ नये. अंगावर आलेला सपाट फटका मात्र उंच खेळाडूंना नेहमी अवघड जातो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. केव्हिन आणि मार्कस यांनी उंचीचा फायदा देणारी रॅली होऊच दिली नाही आणि तो सामना २१-१९, २१-१४ असा जिंकला.

मार्कसचा वाटा येथे विसरता येणार नाही. केव्हिन निर्धास्तपणे पुढे झेपावू शकत होता, कारण त्याला चकवून गेलेले प्रत्येक शटल मार्कस मागे उचलत होता. ६.१ मीटर रुंदीच्या कोर्टाच्या मागच्या भागात सतत उड्या मारत दोन्ही कोपरे सांभाळण्याचे काम घोट्यांना आणि गुडघ्यांना किती महागात पडते, ते २०२२ साली त्याच्या घोट्यांवर झालेल्या शस्त्रक्रियेने दाखवून दिले.

अंतर कमी करण्याच्या या डावावर उतारा नव्हता असे नाही, आणि तो शटलच्या त्याच भौतिकशास्त्रात दडलेला होता. उंच उचललेले शटल वरून हळूहळूच खाली येते, त्यामुळे एक खोल लिफ्ट बचाव करणाऱ्याला एक-दीड सेकंद मिळवून देते. जाळीपाशी ०.१४ सेकंदाशी झुंजणाऱ्याला हा काळ फार मोठा असतो. जपानच्या हिरोयुकी एंडो आणि युता वातानाबे यांनी २०२०च्या ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात असाच संयमी बचाव केला आणि सामना २१-१८, १२-२१, २१-१९ असा जिंकला. रॅली सपाट न होता उभी झाली, की पुढच्या खेळाडूच्या डोक्यावरून शटल जात राहते आणि त्याचे कौशल्य वापरायला जागाच उरत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्येही केव्हिन आणि मार्कस उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वूई यिक यांच्याकडून हरले. जागतिक विजेतेपदही त्यांना कधी मिळाले नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

त्याच ऑलिंपिकच्या गटसाखळीत त्यांनी सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांना २१-१३, २१-१२ असे सहज हरवले होते. या सात्त्विकने पुढे २०२३ साली जपानमध्ये नियंत्रित चाचणीत ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून गिनीज विक्रम केला. एवढी ताकद असलेला खेळाडू २०२१ साली केव्हिनपुढे दोन गेममध्ये मिळून पंचवीस गुणच मिळवू शकला, कारण त्याला मागे सरकून मनासारखा स्मॅश मारायला वेळच मिळत नव्हता. सात्त्विक आणि चिराग यांचे प्रशिक्षक होते डेन्मार्कचे माथियास बो. २०१८च्या ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात जाळीपलीकडे उभे राहून केव्हिनचा हा खेळ त्यांनी स्वतः सोसला होता.

१५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये थॉमस चषक या पुरुषांच्या सांघिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत केव्हिन पुन्हा या दोघांसमोर आला. मार्कस त्या वेळी खेळू शकत नव्हता, म्हणून त्याच्या मागे अनुभवी मोहम्मद अहसान होता. पहिला गेम इंडोनेशियाने २१-१८ असा घेतला. दुसऱ्यात भारतीय जोडीने मॅच पॉइंट वाचवत २३-२१ अशी बाजी मारली. तिसऱ्यात रॅली सपाट झाली तरी सात्त्विक आणि चिराग मागे हटले नाहीत. तेही अंतर कमी करू लागले होते. तो गेम २१-१९ असा भारताकडे आला आणि त्यानंतरचा एकेरीचा सामना जिंकून भारताने आपला पहिला थॉमस चषक उचलला. दोन वर्षांनी, मे २०२४ मध्ये, केव्हिनने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. मार्कस त्याआधी दोन महिने थांबला होता.