बिलावरचे शब्द : चपलेच्या चामड्याविषयी थोडी माहिती

निपाणी-चिकोडी परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या बिलावर 'फुल ग्रेन', 'स्प्लिट', 'साल-कमावणी' असे शब्द असतात. पैसे तुम्ही मोजता, तेव्हा त्यांचा अर्थ तुम्हाला ठाऊक असलाच पाहिजे.

जनावराच्या कातडीला तीन थर असतात. सगळ्यात वरची बाह्यत्वचा अगदी पातळ. चुन्याच्या पाण्यात भिजवली की केसांसकट निघून जाते. खालचा चरबी-मांसाचा थर खरवडून काढतात. मधली राहते ती अंतस्त्वचा, आणि चामडं होतं ते तिचंच. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू तिच्यात वाखासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वरच्या बाजूला ते बारीक, घट्ट असतात आणि केसांची छिद्रंही तिथेच दिसतात. हा झाला ग्रेन. तो न घासता जसाच्या तसा ठेवला तर फुल ग्रेन. जाड कातडं आडवं चिरून खालचा भाग वेगळा केला तर स्प्लिट. स्प्लिटही खरं चामडंच, पण त्याला ग्रेन नसतो आणि ताकद कमी. म्हणून नुसता 'जेन्युइन लेदर' हा शिक्का बघून भाव देऊ नका.

जागेनुसारही फरक पडतो. पाठीचं चामडं घट्ट, पोटाचं सैल आणि ताणणारं. तळाला आम्ही म्हशीच्या पाठीचंच घेतो. चपलेचा अंगठा (बोट अडकवायची वादी) आणि कान (पट्टा तळाला जोडणारे बाजूचे तुकडे) यांवर चालताना सगळा ओढा येतो, तिथेही पोटाचा तुकडा लावत नाही.

कमावणं म्हणजे कोलॅजन कुजू नये असं करणं. बाभळीची साल आणि हिरडा यांतलं टॅनिन तंतूंना धरून बसतं. क्रोम-कमावणीत हेच काम क्रोमियमचे क्षार करतात. ते चामडं मऊ असतं. कच्चं ओलं कातडं साधारण ६०-६५ अंश सेल्सिअसला आकसतं, सालीने कमावलेलं ७०-८५ ला, क्रोमचं १०० च्या आसपास. तेव्हा सालीने कमावलेली कोल्हापुरी भिजली तर चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नका, गरम पाण्याने तर धुऊच नका. सावलीत वाळवा, मग एरंडेलाचा हलका हात फिरवा. पावसाळ्यात बुरशी आली तर आधी कोरड्या फडक्याने पुसा.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. कापलेली कड उजेडात धरा: चामड्यात पिंजल्यासारखे तंतू दिसतील, रेक्झिनखाली कापडाची वीण. बॉन्डेड लेदर म्हणजे चामड्याचा चुरा डिंकाने जोडून केलेला पत्रा. रोजच्या वापराला आम्ही तो सुचवत नाही.

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या ४ जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही ४ आहेत, त्यांत आपला बेळगाव आहे.

तळ, पट्टा आणि कान कशाचे आहेत, हे बिलावर वेगवेगळं लिहून मागा. आम्ही देतो.