आद्याक्षरांची कविता: बॅबिलोनपासून दुसरीच्या वर्गापर्यंत

एक शब्द उभा लिहायचा आणि त्याच्या एकेका अक्षरापासून एकेक ओळ सुरू करायची. इंग्रजी शाळांत 'अ‍ॅक्रॉस्टिक' नावाने हा स्वाध्याय लहान वर्गांपासून असतो, आणि तिथूनच तो मराठीच्या तासाला आला. येताना त्याने इंग्रजीचे नियमही सोबत आणले. मराठीत मुलं अडतात ती बहुतेक वेळा या नियमांपाशी, कवितेपाशी नव्हे.

रचना मात्र फार जुनी आहे. सज्जनाच्याच वाट्याला दुःख का, असा वाद घालणारं एक बॅबिलोनी काव्य सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे. त्यात २७ कडवी, प्रत्येकात ११ ओळी, आणि एका कडव्यातल्या अकराही ओळी एकाच चिन्हाने सुरू होतात. ही २७ चिन्हं ओळीने वाचली की कवीचं नाव निघतं: सग्गिल-किनाम-उब्बिब, मंत्रविद्येचा पुरोहित, देवाचा आणि राजाचा भक्त. बॅबिलोनच्या कीलाकार (खिळ्यांसारख्या खुणांच्या) लिपीतलं चिन्ह साधारणपणे पूर्ण उच्चाराचं असतं, सुटं व्यंजन नसतं. म्हणजे ही रचना इंग्रजीपेक्षा आपल्या अक्षरांच्या जवळची.

हिब्रूत हेतू बदलला. बायबलातलं ११९वं स्तोत्र २२ वर्णांवर बांधलेलं आहे. प्रत्येक वर्णाला आठ चरण, एकूण १७६. इथे नाव लपवलेलं नाही, वर्णमालाच क्रमाने पुढे सरकते. पाठांतराला असा क्रम उपयोगी पडतो, पण भाषांतरात तो पूर्ण नाहीसा होतो. पंजाबीत गुरू नानकांची 'पट्टी' याच जातीची. तिच्यात गुरुमुखीच्या ३५ अक्षरांवर एकेक पद आहे, आणि पट्टी म्हणजे मुलांची लिहायची पाटीच.

मराठी घरांत रोज म्हटलं जाणारं उदाहरण म्हणजे शिवपंचाक्षर स्तोत्र. 'नमः शिवाय' या मंत्राच्या पाच अक्षरांवर पाच श्लोक, त्यांची सुरुवात पाहा: नागेन्द्रहाराय, मन्दाकिनी, शिवाय, वसिष्ठ आणि शेवटी 'य'चा श्लोक. मंत्रात 'न' आहे, श्लोक 'ना'ने उघडतो. मंत्रात 'मः' आहे, श्लोक 'म'ने. व्यंजन जुळलं, स्वर सैल सोडला. दुसरीतल्या मुलाला हीच सवलत द्यावी, ती परंपरेतलीच आहे. स्तोत्राने आणखी एक अडचण सोडवली आहे. आद्याक्षर डोळ्यांना दिसतं, कानाला कळत नाही, म्हणून प्रत्येक श्लोकाच्या शेवटी 'तस्मै नकाराय', 'तस्मै मकाराय' असं अक्षर उच्चारूनच सांगितलं आहे. वर्गात कविता वाचून दाखवताना एका मुलाने अक्षर म्हणावं आणि दुसऱ्याने ओळ, नाहीतर ऐकणाऱ्यांना गंमत कळतच नाही.

अक्षर सुरुवातीलाच हवं असंही नाही. वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी (१८५४–१९१४) यांच्या सप्तशती गुरुचरित्रात ओव्यांची तिसरी अक्षरं उभी वाचली की गीतेचा पंधरावा अध्याय मिळतो. ही युक्ती पुढे कामाला येईल.

इंग्रजीत हा प्रकार नावांच्या खेळात रमला. लुइस कॅरोलच्या १८७१ सालच्या दुसऱ्या अ‍ॅलिस-पुस्तकाच्या शेवटी २१ ओळींची कविता आहे. तिच्या आद्याक्षरांतून 'अ‍ॅलिस प्लेझन्स लिडेल' हे पूर्ण नाव निघतं. आजच्या शाळेतली 'नावाची कविता' याच वळणाची, फक्त पुष्कळदा फारच पातळ झालेली: आ आनंदी, र रंगीत, व वेगळा. ही कविता नव्हे, विशेषणांची यादी आहे. अशी यादी होते, कारण मूल विषयाऐवजी अक्षरापासून विचार सुरू करतं आणि पहिला सापडेल तो शब्द लिहून मोकळं होतं.

म्हणून आधी शब्दांचा साठा करावा. विषय ठरला की फळ्यावर त्याबद्दलचे दहा-बारा शब्द मुलांकडून घ्यावेत: दिसतं काय, आवाज कोणता, कोण वापरतं. उभा शब्द त्यानंतर लिहावा. मग मराठीचा मोठा फायदा हाती येतो. विभक्तीमुळे आपल्याला वाक्यातला हवा तो शब्द पुढे आणता येतो. 'ताई, कडेकडेने चालव' ही ओळ 'क'साठी हवी असेल तर 'कडेकडेने चालव, ताई' झाली, अर्थ तोच. ही हलवाहलव तोंडी चार-पाच वाक्यांवर करून घेतली की निम्मं काम झालं. 'सायकल'ची कविता मग अशी होते:

साखळीला घातलं तेल,
या घंटीचा आवाज ऐका,
कडेकडेने चालव, ताई,
लाल दिवा! थांब जरा.

इंग्रजीत सायकलला (bicycle) सात वर्ण, म्हणजे सात ओळी. मराठीत चार अक्षरं, चार ओळी. सुरुवातीला तीन-चार अक्षरी शब्दच घ्यावेत: पाऊस, पतंग, सायकल. दोन ओळींत विषय मावत नाही आणि सहाव्या ओळीपर्यंत सात वर्षांचं मूल टिकत नाही. 'तं'साठी 'त' चालतो. जोडाक्षराचे शब्द मात्र पहिल्या खेपेला टाळावेत: 'पुस्तक'मध्ये 'स्त' येतो आणि 'स्तब्ध', 'स्तुती' हे दुसरीतले शब्द नव्हेत. मूल स्त फोडून स आणि त अशा दोन ओळी करत असेल, तर इंग्रजीची सवय तिथे दिसते.

खरी पंचाईत ळ आणि ण यांची. या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत (जैन घरातलं मूल 'णमो' सुचवेल, आणि ते प्राकृत असलं तरी घ्यावं). नेमके शाळेचे लाडके विषय यांनीच भरलेले असतात: शाळा, दिवाळी, होळी, पावसाळा, पाणी, गणपती. मुलांना 'ळ'पासून ओळ करा म्हणणं म्हणजे अशक्य काम देणं. अशा वेळी टेंबे स्वामींची वाट धरावी: अक्षर ओळीत कुठेही येऊ द्यावं आणि त्याला चौकट करावी. 'दिवाळी'च्या तिसऱ्या ओळीत 'रांगोळीत रंग भरला' असं लिहून 'ळी' चौकटीत टाकला की झालं.

वहीतली एक चूक हमखास दिसते. अक्षर समासात रंगीत लिहिलं जातं, मग जागा सोडून उरलेला शब्द: 'सा   खळीला'. वाचताना मूल स्वतःच अडतं. उभी अक्षरं समासाच्या रेषेला चिकटून, शिरोरेषेशिवाय लिहायला सांगावीत. शब्द पूर्ण झाला की त्याच्यावर एकच सलग रेषा ओढावी. 'दि'सारख्या अक्षरात ऱ्हस्व वेलांटीही रंगीत हवी, तिच्यासाठी डावीकडे थोडी जागा राखावी.